नागम्माचं पान

सोलापूर
२ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आत्यास,
वैजयंतीचा सा. न. वि. वि.

तुमचं संक्रांतीचं पत्र पोचलं, तिळाच्या वड्याही पोचल्या. वड्या फोडायला शेजारून खलबत्ता आणावा लागला, पण संपवल्या सगळ्या. बदल्यात शेंगाचटणी पाठवते आहे. ऋतुजावहिनींना सांगा, तुम्ही नर्स असताना जिचं बाळंतपण केलंत त्या बाईच्या मुलीनं पाठवली. तुमच्या सुनेसाठी रचलेलं हे खोटं मला आता पाढ्यासारखं पाठ झालं आहे.

तुमच्या अटी मी पाळते. फोन करत नाही, कारण फोनवर माझ्या तोंडून आपली बोली निघते आणि ती तुमच्या घरात कुणाच्या कानावर पडायला नको. आपल्या लोकांचं नावही पत्रात लिहीत नाही. बोलीला लिपी नाही, म्हणून पत्रं मराठीत. तुम्हाला तेच बरं वाटतं, हे मला कळतं बरं का.

आता मुख्य बातमी. आजी जाऊन दहा महिने झाले, आणि परवाची पौषी अमावास्या तिच्याशिवाय पहिलीच. तुम्हाला सेटलमेंटची वस्ती सोडून पंचेचाळीस वर्षं झाली, काय आठवतं कुणास ठाऊक, म्हणून नीट सांगते. सकाळी अकराला अंगणात पानं मांडायची. घराण्यातल्या एकेका मेलेल्या माणसाला आपल्या बोलीत नावानं हाक मारायची, त्याच्याबद्दल एक ओळ म्हणायची, घास ठेवायचा आणि श्वासभर थांबायचं. मेलेल्यांना दुसरी भाषा कळत नाही, असं आजी म्हणायची. गाढवांवर बिऱ्हाड लादून टोपल्या विकत हिंडणारी, मग इंग्रजांनी तारेच्या कुंपणात कोंडलेली, अशी एकतीस माणसं तिला पाठ होती. मला सात.

पण आजी माझ्या मोबाइलमध्ये आहे ना! चार वर्षांत तिचं बासष्ट तास बोलणं मी भरून ठेवलं आहे. त्यातल्याच हाका समाजमंदिराच्या अंगणात स्पीकरवर लावल्या. आजीचा आवाज निघाला आणि पोरांचा गलका बंद पडला. मलाही रडू आलं, ते मी पोरांना दिसू दिलं नाही. हाकांनंतर आजी पाठवणी म्हणायची, जेवलात, आता जा, अशा अर्थाची. ती मात्र तिनं कधी भरू दिली नाही. मोबाइल बंद करायला लावायची. ते तोंडातून कानात गेलं पाहिजे, म्हणायची. शिकू कधीतरी म्हणून माझं राहूनच गेलं. त्यामुळे यंदा हाकांवरच आटोपलं.

दुपारी पानं उचलायला गेले तर तीस पानांवर मुंग्यांनी गर्दी केली होती. एकतिसाव्याकडे एकही फिरकली नव्हती. ते पान कुणा नागम्माचं. आपली बोली धड बोलणारी आता बसव्वाच उरली आहे, म्हणून तिला विचारलं. ती म्हणाली, जी आलीच न्हाई तिचं पान कोन खानार, आणि काठी उचलून चालू लागली. आत्या, ही नागम्मा कोण? बाबा असते तर त्यांना विचारलं असतं.

आणि एक. त्या दिवसापासून समाजमंदिरात ओल्या बांबूचा वास येतो. आपल्याकडे टोपल्या विणणं बंद होऊन पंधरा वर्षं झाली. कुठून येतो ते शोधते आहे.

गोळ्या वेळेवर घ्या. माया आहे ती आटू देऊ नका.

तुमची
वैजयंती

*

जेऊर
९ फेब्रुवारी २०२५

चि. वैजयंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. शाळेतल्या बाईंचं अक्षर असं असेल तर मुलांच्या वह्या कशा असतील, याचा विचार करते आहे. चटणी अमृतनं दोन दिवसांत फस्त केली. सोलापूरचं पाणीच वेगळं, म्हणाला. मी मान डोलावली.

माझ्या ह्या लेकाला सध्या नवीन वेड लागलं आहे. कुणाकडून तरी घराण्याची वंशावळ काढून आणली, बारा पिढ्यांची, आणि चौकट करून बैठकीत लावली. येणाऱ्याजाणाऱ्याला बोट ठेवून दाखवतो. अगदी खाली त्याच्या वडिलांच्या शेजारी मी : विजयमाला, माहेर सोलापूर. चहा घेऊन बैठकीत जाते तेव्हा मी तिकडे बघत नाही. ऋतुजा गुणाची आहे, पण तिची नजर फार बारीक आहे.

नागम्माबद्दल मला काही सांगता येणार नाही. लहानपणी गेलेली एखादी पोर असेल. जुन्या माणसांचं मुंग्यामुंग्यांवरून फार असतं. मुंगी गोड असेल तिकडे जाते.

अमावास्येला तू हाका नक्की किती वाजता लावल्यास, ते कळव. बरोबर अकराला का? मी साखरेच्या गोळीमुळे अकरालाच जेवते. त्या दिवशी ताटावर बसले होते एवढं आठवतं. नंतर मी स्टेशनवर बाकावर बसले होते, सोलापूरकडे तोंड करून, आणि हात आमटीनं बरबटलेला. ऋतुजा शोधत आली. साखर उतरली असेल म्हणाली. अगं, मी पस्तीस वर्षं नर्स होते. साखर उतरली की घाम फुटतो. माझं अंग कोरडं होतं.

असो. वय झालं. तेवढ्या हाका मात्र परत लावू नकोस. आईची बाकीची एकसष्ट तास बडबड आहे की पोरांना ऐकवायला.

जिवाला जप. मी आहेच.

तुझी
आत्या

*

सोलापूर
२३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुमच्या तब्येतीचं वाचून काळजी वाटली. सोलापूरला येऊन डोक्याचा फोटो काढून घ्या. दवाखान्यात मी परक्यासारखी भेटेन, हवं तर ओळखही दाखवणार नाही.

हाका लावू नकोस म्हणालात, पण कारण दिलं नाहीत. मी मास्तरीण, कारणाशिवाय ऐकायची सवय नाही. दर शनिवारी अकराला पोरांचा वर्ग भरतो आणि मी आधी हाकाच लावते. खरं सांगू? बोली शिकवायला यापेक्षा चांगलं काही सापडलं नाही. नाव, नातं, कामधंदा, सगळं एकेका ओळीत. ज्या पोरांना घरात आपल्या बोलीतला एक शब्द येत नव्हता, ती आता एकतीसच्या एकतीस हाका आजीच्या सुरात म्हणतात. आजीची खोकण्याची जागासुद्धा सोडत नाहीत. इतकी वर्षं मी एकटीच घसा फोडत होते, लोक हसायचे. यंदा मला पहिल्यांदा वाटलं की ही भाषा माझ्यानंतरही राहील.

पुण्याच्या एका संस्थेनं या हाका मागितल्या आहेत. गुढीपाडव्याला त्या इंटरनेटवर चढवणार, म्हणजे आपली माणसं जिथे जिथे विखुरली आहेत तिथे कुणालाही, केव्हाही ऐकता येतील. मी हो म्हणून बसले आहे.

नागम्माची ओळ मी नीट ऐकली. मराठीत सांगायची तर अशी : नागम्मा, पाणी आणायला गेलीस ती आली नाहीस, भात निवतो आहे, ये. एवढी साधी ओळ दुसऱ्या कुणालाच नाही. आणि इथेच आजीचा आवाज फिरतो. बाकी सगळ्यांना ती श्वासभर थांबते, हिच्याजवळ तीन श्वास.

आता एक गंमत, हसू नका. वर्गात कस्तुरा म्हणून सात वर्षांची पोर आहे. नागम्माची हाक आली की ती दाराकडे बघते. आठ तारखेला म्हणाली, बाई, एक म्हातारी येतीया, लई लांब हाय अजून. पंधराला म्हणाली, रेल्वेच्या फाटकापत्तुर आली. काल म्हणाली, नळापाशी हुबी हाय, हिरवं लुगडं, उजवा हात खरकटा. मी उठून नळापर्यंत जाऊन आले. कुणी नव्हतं. पण पोरं आता त्या हाकेला तीनऐवजी पाच श्वास थांबतात, मी न सांगता.

बांबूचा वास अजून आहे. पाण्याचा माठही रोज रिकामा सापडतो. शिपाई माझ्यावर संशय घेतो.

लवकर लिहा. तुमच्या पत्राची वाट बघणं हे माझं एक कामच होऊन बसलं आहे.

तुमची
वैजयंती

*

जेऊर
२ मार्च २०२५

चि. वैजयंती,
आशीर्वाद.

हे पत्र एकटी असताना वाच.

नागम्मा मीच.

तुझा बाप मला अक्का म्हणायचा, म्हणून तुला हे नाव माहीत नाही. विजयमाला हे लग्नातलं नाव. ते ह्यांनी, आदिनाथरावांनी ठेवलं. सिव्हिलमध्ये आमची ओळख झाली. मी कोण, कुठली, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांच्या घरी मात्र पोरगी अनाथ आहे, सोलापूरची आहे, एवढंच सांगितलं. पुढे सांगू म्हणत ते गेले आणि मी सांगितलं नाही.

१९८० च्या जानेवारीत मी घर सोडलं. नळावर पाणी आणायला जाते म्हणून निघाले. घागर नळाखाली ठेवली आणि स्टेशन गाठलं. घागर भरून वाहत असेल, कुणी बंद केला असेल नळ, हे माझ्या मनात कितीतरी वर्षं येत होतं. पुढच्या अमावास्येला आईनं माझं पान मांडलं. मी जिवंत आहे, जेऊरला आहे, हे प्रभुनं, तुझ्या बापानं, तिला सांगितलं होतं. तरी मांडलं. आपल्यात तसंच आहे. आपल्या बोलीत हाक मारली आणि माणसानं ओ दिली नाही, की ते मेलेल्यांत. तेव्हा मला तिचा राग आला होता. आता वाटतं, तिनं तरी काय करायचं? मला हाक मारायची दुसरी कुठली सोयच मी तिला ठेवली नव्हती.

दरवर्षी त्या दिवशी अकराला माझा घास घशात अडायचा. मग आपोआप उतरायचा. ती पाठवणी म्हणत असेल तेव्हा. यंदा तू हाका लावल्यास आणि पाठवणी झालीच नाही. घास उतरलेला नाही, वैजयंती. महिना झाला.

आठ तारखेला मी कुर्डुवाडीला सापडले, मागच्या पत्रात ते लपवलं. गाडीत कधी चढले ठाऊक नाही. पंधराला माढ्याला. बावीसला मोहोळला तिकीट तपासनिसानं उतरवलं आणि ऋतुजानं माझ्या गळ्यात अडकवलेल्या चिठ्ठीवरून अमृतला फोन केला. प्रत्येक वेळी हात खरकटा. लुगडं हिरवं, तेही तुझ्या पोरीनं बरोबर सांगितलं. डोक्याचे फोटो काढून झाले, सगळं ठीक आहे. डॉक्टर म्हणाले विस्मरण. मी म्हणाले असेल.

मला मरणाची भीती नाही, मी खूप मरणं जवळून बघितली आहेत. पण हे मरण नाही. मला जिवंतपणी मेलेल्यांच्या पंगतीला नेऊन बसवत आहेत, आणि बोलावते आहे ती माझी आई.

ते पुसून टाक. पुण्याला देऊ नकोस. तुझ्या चार वर्षांच्या कष्टांचं मी काय मागते आहे ते मला कळतं. तरी मागते.

तुझी
आत्या

*

सोलापूर
९ मार्च २०२५

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी तुम्हाला हाका मारत होते, आणि वर गमतीनं पत्रात लिहीत होते. माझी मलाच शरम वाटली.

पुण्याला नाही म्हणून कळवलं. मोबाइल बंद करून कपाटात ठेवला. पुसायला मात्र बोट धजलं नाही, खोटं बोलत नाही. दोनदा पुसायला बसले आणि दोन्ही वेळा उठले. तो आजीचा आवाज आहे, आत्या. तुमच्या आईचा.

पण पुसून उपयोग नाही, हे त्याहून वाईट. काल शनिवारी मी हाका लावल्या नाहीत, गोष्ट सांगायला घेतली. अकरा वाजले आणि पोरांनी आपणहून सुरू केलं. मी हात केला, ओरडले, शेवटी टेबलावर पट्टी आपटली. ती थांबली नाहीत. एकतीस नावं म्हणूनच थांबली. नंतर विचारलं तर म्हणतात, बाई, तोंडातनं येतंया. कालपासून ती नळावर रांगेत उभी असताना म्हणतात, लंगडी खेळताना म्हणतात. वारही नाही आणि वेळही नाही. मी देवाजवळ हेच मागत होते ना, की बोली पोरांच्या तोंडात बसू दे. बसली.

काल संध्याकाळीच मी बसव्वाकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं, तुमचं नावसुद्धा. मला माफ करा. तिला तुम्ही आठवता. नळाखालची ती घागर तिनंच घरी आणून दिली होती म्हणे. ती माझ्याबरोबर समाजमंदिरात आली आणि तिला आठवत होती तेवढी पाठवणी तिनं उभ्यानं म्हटली. अर्धी विसरली होती, मध्ये रडली, पुन्हा म्हटली. आज सकाळी बांबूचा वास गेला होता. माठ भरलेला राहिला. तीस जण गेले.

तुम्ही मात्र नाही. बसव्वा म्हणाली, जित्या माणसाची पाठवनी हुईत न्हाई, जित्या माणसानं ओ द्यायची असती की. हाक आली की जिथं असाल तिथून, आपल्या बोलीत, मोठ्यानं ओ द्यायची. आणि ज्यांच्यात तुम्ही राहता त्यांनी ती ऐकायला हवी. मनातल्या मनात चालत नाही, दार लावून चालत नाही. मग ते नाव मेलेल्यांतून सुटतं. तसं करायला काही किंमत पडते का, हेही मी विचारलं. ती म्हणाली, दोन घरची भाकरी एका तोंडानं किती दीस खानार.

तुमच्या घरी हे किती अवघड आहे ते मला कळतं. अमृतदादांची चौकट मी पाहिली नाही, पण डोळ्यांसमोर आहे. मी जेऊरला येऊ का? तुमच्या शेजारी उभी राहते. तुम्ही फक्त हो म्हणा.

माझ्यावर राग धरू नका. धरलात तरी पत्र लिहा.

तुमची
वैजयंती

*

जेऊर
१६ मार्च २०२५

चि. वैजयंतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्यावर राग नाही. असता तर इतक्या तुटक शाईच्या पेननं चार पानं लिहिली नसती.

येऊ नकोस. तू उभी राहिलीस तर मी तुझ्या आड लपेन, मला माझा स्वभाव माहीत आहे.

आता काय चाललं आहे ते सांगते. रुग्णाच्या कागदावर लिहावं तसं लिहिते. सोमवारी ऋतुजानं चार ताटं मांडली. घरात आम्ही पाच. दोघं नवराबायको, दोन नाती आणि मी. मी चुलीपाशी उभी होते, माझ्याकडे बघून तिनं चारच मांडली. मी खाकरले तेव्हा दचकली, आणि बिचारी किती वेळ माफी मागत राहिली. बुधवारी अमृत माझ्या खाटेवर येऊन बसला. मी खाटेवर होते. त्यानं माझ्या पायावर बूड टेकलं आणि वर्तमानपत्र उघडलं. गुरुवारी नातीनं घरातली माणसं मोजण्याचा शाळेतला अभ्यास केला. वहीत चार लिहिलं आहे.

काल, शनिवारी, मी सोलापूरपर्यंत आले. या वेळी तिकीट तपासनीस माझ्या समोरून गेला, शेजारणीचं तिकीट बघितलं, माझ्याकडे हात केला नाही. स्टेशनवरून चालत आले. नळ अजून तिथेच आहे. तू पाठमोरी होतीस, फळ्यावर मराठी अक्षरांत आपले शब्द लिहीत होतीस. तुझे खांदे प्रभुसारखे आहेत. मी दारातून तुला दोनदा हाक मारली. तू खडू बदललास. त्या लहान पोरीनं तेवढं माझ्याकडे बघितलं आणि सरकून बाकावर जागा केली. मी आत आले असते तर परत गेले नसते, एवढं मला पक्कं कळलं. तिथून मी पळाले. पासष्टाव्या वर्षी पळाले.

मला वाटत होतं, सांगितलं तर मुलगा जाईल. आता बघते तर न सांगताच जातो आहे. मग सांगून गेलेला बरा. निदान कुणाची आई गेली हे तरी त्याला कळेल.

तेव्हा असं कर. येत्या शनिवारी अकराला पोरांना अंगणात उभं कर आणि नागम्माची हाक मारायला लाव. मोबाइल नको. आईचा आवाज ऐकला तर माझ्यानं ओ देववणार नाही, मी तिच्याकडे निघूनच जाईन. पोरांच्या तोंडून मार. आणि थांबा, कितीही श्वास लागले तरी थांबा. मी म्हातारी आहे, मला वेळ लागेल.

ट्रंकेची किल्ली ऋतुजाला देऊन ठेवते. तुझी सगळी पत्रं त्यात आहेत.

आपल्या बोलीत ओ कशी देतात ते मला अजून येतं. आज पहाटे न्हाणीत हळूच म्हणून बघितली. तोंडाला भाताची चव आली.

माझ्या लाडक्या पोरी, तुला उदंड आयुष्य.

तुझी
नागम्मा आत्या

*

जेऊर
२७ मार्च २०२५

सौ. वैजयंतीताईंस,
स. न. वि. वि.

तुमच्या नावाआधी सौ. लिहायचं की नाही ते मला माहीत नाही, चुकलं तर समजून घ्या. मी ऋतुजा, तुमच्या आत्याची सून. आपण कधी भेटलो नाही, पण तुमची सगळी पत्रं मी वाचली आहेत. किल्ली त्यांनीच दिली. तुमची चटणी आली की मला वाटायचं, ज्या मुलीचं बाळंतपणात नुसतं तोंड बघितलं, ती इतकी माया कशी करते. आता कळलं.

शनिवारी आईंनी आम्हा सगळ्यांना सकाळी दहाला बैठकीत बसवलं. त्या वंशावळीच्या चौकटीखाली उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. माहेरच्या लोकांचं नावही घेतलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दोन आठवडे मी घरातलं माणूस मोजायला विसरत होते, माझं मलाच भय वाटत होतं.

ह्यांना मात्र सहन झालं नाही. पंचेचाळीस वर्षं घराला फसवलं, वडिलांनीही फसवलं, असं काहीबाही बोलले. शेवटी हे अंगणात निघून गेले. त्या मागोमाग गेल्या. ह्यांनी वळून सांगितलं, की मी तुम्हाला ओळखत नाही. एरवी हे आईला अगं तुगं करतात. तेवढ्यात अकरा वाजले.

आई सोलापूरच्या दिशेला वळल्या. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही, त्यांना आलं असावं. त्यांनी उजवा हात पदराला पुसला आणि मोठ्यानं ओ दिली. एकच शब्द, मला तो लिहिता येत नाही. तीनदा दिला. तिसऱ्यांदा दिला तेव्हा शेजारची माणसं बांधावर गोळा झाली. आमच्या अंगणात इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी आवंढा गिळला आणि खूप दिवसांची तहान लागल्यासारखं तांब्याभर पाणी प्यायल्या.

तेव्हापासून त्या ठणठणीत आहेत. दोन भाकरी खातात, कुठे जात नाहीत. मी पाच ताटं मांडते, हात आपोआप मांडतो. नाती त्यांच्याभोवतीच असतात.

पण ताई, त्यांना मराठी येत नाही. विसरल्या असं म्हणवत नाही, कधी येतच नव्हती असं वाटतं. दिवसभर बोलतात, हसतात, माझ्या गालावरून हात फिरवून काहीतरी विचारतात, आणि आम्हाला त्यातलं अक्षर कळत नाही. तुमचं जुनं पत्र हातात दिलं तर उलटसुलट करून बघतात आणि नातीला होडी करायला देतात. झटका आला असेल म्हणून बार्शीला दाखवून आणलं. सगळे रिपोर्ट चांगले आहेत. म्हणून तुम्हाला यापुढे त्यांचं पत्र येणार नाही. ते सांगायलाच हे लिहायला घेतलं.

रोज अकराला जेवायला बसायच्या आधी त्या ताटाशेजारी एक लहान पान ठेवतात. त्यावर घास ठेवतात आणि कुणाला तरी हाक मारतात. पहिल्या दिवशी मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी नीट ऐकलं. त्या सगळ्या अनोळखी शब्दांमध्ये एक ओळखीचं नाव होतं, विजयमाला. हाक मारून त्या श्वासभर थांबतात आणि डोळे पुसतात. हे ताटावरून उठून गेले.

चौकट ह्यांनी खाली काढून भिंतीला टेकवून ठेवली आहे, फेकली नाही, परत लावलीही नाही. काल सकाळी आई अंगणात बसल्या होत्या. हे जाऊन त्यांच्या पुढ्यात बसले, अगदी मांडी घालून. म्हणाले, आई, माझं चुकलं. चारदा म्हणाले. आईंनी त्यांच्याकडे फार मायेनं बघितलं, घरी आलेल्या परक्या पाहुण्याकडे बघावं तसं, आणि त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

ताई, शनिवारचा वर्ग झाला की इकडे या. मागच्या दारानं नको, खोटं नातं सांगून नको. हे स्वतः गाडीवर उतरून घ्यायला येणार आहेत. घरात कागदपेन घेऊन आम्ही चौघंही शिकायला बसू. बाकीचं सावकाश शिकवा. पण आल्या आल्या ह्यांना एवढं एकच सांगा, आई, मी अमृत, हे तुमच्या बोलीत कसं म्हणायचं.

वाट बघतो आहोत.

आपली
ऋतुजा